खारीच्या पाण्याचं कडवं

पेणकडच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, मंगलाष्टका म्हणतो आणि दक्षिणा कनवटीला लावून पुढच्या मांडवाकडे पळतो. पण म्हाताऱ्या बायकांना विचाराल तर लग्न लावते ती धवलारीण. हळद दळण्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा एक धवला असतो, आणि तो गायला गेल्याशिवाय ती गोष्ट झाली असं या बायका धरत नाहीत. मांडवाचा खांब रोवला आणि धवला गायला नाही, तर त्यांच्या लेखी तो नुसता बांबू.

बायजा अशी धवलारीण होती. कासू स्टेशनला उतरून खाडीच्या अंगाने चालत गेलं, की मिठागरांच्या अलीकडे तिची वाडी लागायची. नवरा जनू मिठागरावर कामाला. बायजाही लग्न होऊन आली त्या वर्षापासून डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहत आली होती. उंचीने बेताची, अंगाने किडकिडीत, तोंडाने फटकळ. वाडीत तिच्याशी भांडायला कोणी सहसा जात नसे, कारण भांडताना तिला पुढचा शब्द कधी शोधावा लागत नसे.

धवले तिने धोंडुबाईकडून घेतले होते. धोंडुबाई ही तिच्या सासूची बहीण, आणि धवलारीण म्हणून रोह्यापर्यंत तिचं नाव. ती कोणाला समोर बसवून शिकवत नसे. तिचे दोनच नियम होते. पहिला असा, की मांडवाशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही. काढला तर कोणाच्या तरी दारातला मांडव मोडतो. दुसरा नियम मागे बसून झील धरणाऱ्या बायकांसाठी. धवलारीण ओळ टाकते, त्यांनी ती उचलायची, जशीच्या तशी. धोंडुबाई म्हणायची, "इचारायचा नाय. झेलायचा." मांडवामागून मांडव अशी झेलता झेलता बायजा धवलारीण झाली. आता तिच्यामागे काशीबाई आणि सरू झेलत होत्या. काशीबाई तिच्याच वयाची, कोणत्याही गोष्टीला आधी नाक मुरडणारी आणि मग तीच गोष्ट निमूट करणारी. सरू शेजारच्या घरची सून. आवाज पातळ, पण कान असा, की एकदा कानावर पडलेली ओळ तिच्यातून हलत नसे.

एवढं सगळं बायजाच्या तोंडात होतं आणि बाहेर कुठेही नव्हतं. तिला त्याचा अभिमान होता. तो ती लपवतही नसे.

त्र्याण्णवच्या वैशाखात रोह्याजवळ वरशाला एका घरी हळद होती. नवरी दिपिका, बायजाच्या माहेरच्या नात्यातली. तिघी सकाळच्या गाडीने रोह्याला उतरल्या आणि उन्हं चढायच्या आत मांडवात बसल्या. बायजाने हळदीची वाटी हातात घेतली आणि एकेक कडवं टाकत गेली. भूमीला बोलावलं, अग्नीला बोलावलं, मग खारीच्या पाण्याला. ते कडवं तिचं आवडतं. खाडीकाठच्या पोरीची हळद गोड्या पाण्यात कालवतात, पण खाऱ्या पाण्याला बोलावणं गेलं नाही तर ते रुसतं, असं धोंडुबाई सांगायची.

खारीच्या रं पान्या, मांडवी येशील का
हलदीच्या वाटीला वलावा देशील का

हे कडवं चालू असताना बायजाच्या हातातली वाटी निसटली. कोणाचा तरी धक्का लागला असेल, असं तिला वाटलं. उजवा हात जरा बधिर होता, तो तिने लुगड्यावर चोळला. हळद सांडली म्हणून दोघीतिघी पुढे धावल्या, दुसरी वाटी आली, आणि बायजा पुढचं कडवं गायली. दिपिकाची आजी मात्र खूश होती. जाताना तिने बायजाच्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाली, "आसा जुना खारीचा धवला आता कोन गातंय बाय. मी तं कवा आयकलाच नवता."

बायजाला ते विचित्र वाटलं, कारण ते कडवं वरशात सगळ्यांना पाठ असायला हवं. पण स्तुती आहे म्हटल्यावर तिने ती ठेवून घेतली.

पावसाळ्यात तिला धाप लागायला लागली. आधी ती विहिरीवरून येताना लागे, मग अंगणातून ओटीवर चढताना. पायांना सूज आली. ती म्हणाली, वारा भरलाय. जनू म्हणाला, वारा भरायला तू काय होडीचं शीड आहेस काय, आणि तिला पेणला डॉक्टर रोहिणीबाईंकडे घेऊन गेला. रोहिणीबाई तरुण होत्या, पण घाई करत नसत. त्यांनी छातीवर नळी ठेवली आणि बराच वेळ उचललीच नाही. मग मनगट धरलं.

"लहानपणी कधी ताप येऊन गुडघे सुजले होते?"

बायजाला आठवलं. तिला न्हाण यायच्या आधीची गोष्ट. गुडघे सुजले, मग ते उतरले आणि कोपरं सुजली. आईने गरम मिठाच्या पुरचुंड्यांनी शेकलं होतं. महिन्याभरात ती उठून पळायला लागली आणि सगळे विसरून गेले.

"तुम्ही विसरलात, हृदय विसरलं नाही," रोहिणीबाई म्हणाल्या. त्या तापाने हृदयातली एक झडप आवळली होती. रक्त पुढे जायला वाट अरुंद, म्हणून मागचा कप्पा ताणून ताणून मोठा झालेला, आणि आता त्याचा ठोकाच बेताल झालेला. "त्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. ठोका नीट असला की तिच्यातलं रक्त आतबाहेर होतं. तुमच्या पिशवीत ते साचून राहतं. साचलं की गोठतं."

जनू इतका वेळ दाराशी उभा होता, तो पुढे आला. "म्हंजे पानी हाललं नाय की मीठ धरतं, तसा."

"तसंच. फक्त इथे धरलेलं मीठ जागेवर राहत नाही. एखादा खडा सुटतो आणि रक्ताबरोबर वर मेंदूत जातो. मग हात जातो, पाय जातो, नाहीतर वाचा जाते."

आपल्याला समजलं म्हणून जनूच्या तोंडावर समाधान होतं. बायजाला त्याचा राग आला. हात-पाय जाण्याची गोष्ट तिच्या कानावरून गेली. वाचा हा शब्द मात्र तिथेच बसला.

"कधी बोलताना शब्द अडखळले? भलतंच काही तोंडातून गेलं? थोडा वेळ का होईना?"

"माज्या?" बायजा म्हणाली. "नाय गो बाय. माजं तोंड कवा आडखललंच नाय."

जनूनेही मान हलवली. बायकोचं तोंड अडखळलं असतं तर ते आपल्या लक्षात राहिलं असतं, अशी त्याची खात्री होती.

रोहिणीबाईंनी चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे यंत्रावर हृदय बघितलं. झडप अरुंद होती हे नक्की ठरलं. पिशवीत काहीतरी धूसर दिसत होतं, ते नक्की ठरेना. सर्जन वयस्कर होता आणि सरळ बोलणारा. छाती उघडून झडप मोकळी करावी लागेल, म्हणाला, आणि आत गेलोच आहोत तर ती पिशवीही आतून शिवून बंद करू. जिथे रक्त साचतं ती जागाच ठेवायची नाही.

"धोका?" जनूने विचारलं.

"आहे. पिशवीत गाठ असली तर हात लावतानाच तिचा तुकडा सुटू शकतो. शुद्धीवर येतील तेव्हा वाचा नसेल, असंही होऊ शकतं. फार जणांचं होत नाही. पण होतं." मग त्यानेही तोच प्रश्न विचारला, आधी कधी बोलण्यात गडबड झाली होती का. बायजाने तेच उत्तर दिलं. "मग काही महिने रक्त पातळ ठेवायची गोळी घेऊन बघता येईल," तो म्हणाला. "मात्र दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि एकदा जरी बोबडी वळली, तरी थांबायचं नाही."

बायजाने यातलं एकच ऐकलं. ऑपरेशनात वाचा जाऊ शकते, आणि आज तर वाचा ठणठणीत आहे. मग चांगली चालणारी गोष्ट कोणाच्या सुरीखाली का द्यायची? गाडीत ती जनूला म्हणाली, "जिवाचं मना काय नाय. पन धवला गेला तर मी घरात बसून कोनाचा तोंड बघू?"

जनूला वाटलं, माझं बघ.

गोळ्या तिने घेतल्या, म्हणजे काही दिवस घेतल्या. ओहोटीला ती कालवं काढायला जायची. कालवांच्या शिंपल्यांनी बोटं कापतात, तशी ती नेहमीच कापायची. पण आता रक्त थांबेना. एकदा तर फडकी भिजली तरी अंगठा वाहत होता. तपासणीला पनवेल गाठायचं, त्या दिवसाचं काम बुडवायचं, परत आल्यावर धाप टाकत पडायचं. श्रावण संपता संपता तिने गोळ्यांची पुडी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. जनू ओरडला. "मी धड हाय," ती म्हणाली. "देवाजवल ठेवल्यात, टाकल्या नाय."

पण ती धड नव्हती, हे तिलाच सगळ्यात आधी कळलं. एका कडव्याची नुसती चाल शब्दांविना गुणगुणली तरी मध्येच दम भरायचा. माघ-वैशाखात रोह्यापर्यंतच्या मांडवात कसं गाणार? तेव्हा तिने ठरवलं, सरूला पुढे बसवायचं. आता प्रश्न मांडवाचा होता. चातुर्मासात लग्न नाही, आणि लग्नाशिवाय धवला नाही. बायजाने यावर जो उपाय काढला तो काशीबाईला वाह्यात वाटला. कार्तिकात तुळशीचं लग्न असतं. उसाचा का होईना, मांडव असतो. हळद असते, अंतरपाट असतो, नवरी तुळस आणि नवरा बाळकृष्ण. लग्न ते लग्न.

"देवाच्या लग्नात मानसांचा धवला?" काशीबाईने नाक मुरडलं.

"देव काय आपल्याहून वेगला नवरा हाय?" बायजा म्हणाली. काशीबाई पाट घेऊन आली.

जनूच्या अंगणात वृंदावनाला ऊस बांधले होते. दिवेलागण व्हायची होती, बाया-पोरं अजून जमत होती. बायजाने सरूला पुढच्या पाटावर बसवलं आणि स्वतः काशीबाईशेजारी, मागे, झीलकरणीच्या जागेवर बसली. धोंडुबाई गेल्यानंतर ती त्या जागेवर बसलीच नव्हती. सरूचा आवाज आधी कापत होता. भूमीचं कडवं झालं. अग्नीचं झालं. बायजाने समाधानाने मांडी बदलली; पोरीत एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. मग सरूने खारीच्या पाण्याचं कडवं घेतलं.

मांडवाच्या रं वाटी, पान्याला हलदशील का
वलाव्याच्या खारीला मांडवी मांडवी का

काशीबाईने ते उचललं, जसंच्या तसं. बायजाचं तोंड उघडं राहिलं.

"ह्यो काय गातंस?"

सरू दचकली. "खारीचा. कडवा."

"आसा कवा हाय गो ह्यो? येड लागला काय तुना?"

"तूच गायलीस, काकी. वरशाला."

"मी?"

"व्हय. हलद सांडली तवा." सरू काशीबाईकडे बघायला लागली. काशीबाईने मान खाली घातली आणि म्हणाली, "मी पन तसाच झेलला. मना वाटला, वरशाचा येगला आसंल."

बायजाने सरूला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. चाल अगदी बरोबर होती, ठेका बरोबर होता, आणि शब्दही सगळे तिचेच होते, पण कोणीतरी मिसळणाचा डबा उपडा करावा तसे एकमेकांत सांडलेले. तिला आठवत होतं ते तर सरळ कडवं. त्या दिवशी तिने ते नीट गायलं होतं, याबद्दल ती कोणत्याही देवळात शपथ घ्यायला तयार होती. पण सरूच्या कानाने कधी चूक केली नव्हती. आणि वाटी निसटली होती. हात बधिर होता. आणि दिपिकाच्या आजीने असा धवला कधी ऐकला नव्हता.

बायजा घाबरली. आयुष्यात ती पुरात, प्रसूतीत, धाकट्या मुलाच्या तापातही इतकी घाबरली नव्हती. शब्द गेले तर निदान आपल्याला कळेल, असं तिने धरून ठेवलं होतं. ते गेले होते, आणि ती खुशाल गात बसली होती.

"मग बोललीस का नाय तवा?" तिने विचारलं, पण आवाजात फटका उरला नव्हता.

"तूच सांगतेस," सरू रडकुंडीला आली होती. "इचारायचा नाय. झेलायचा."

अंगणातल्या बाया अक्षता मुठीत धरून थांबल्या होत्या. तिने सरूच्या खांद्यावर हात ठेवला, मागूनच खरं कडवं गायलं, आणि तुळशीचं लग्न लावून टाकलं.

सकाळी ती जनूच्या आधी तयार होऊन बसली होती. "पेनला चला," ती म्हणाली. सरूलाही बरोबर घेतलं.

रोहिणीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सरूला म्हणाल्या, ते कडवं मला म्हणून दाखव. सरूने कानावर हात ठेवले. इथे मांडव कुठे आहे? शेवटी तडजोड झाली. सरूने ते गायलं नाही, नुसतं बोलून दाखवलं, नजर जमिनीकडे लावून, शाळेतल्या पोरीसारखं. रोहिणीबाईंनी ते लिहून घेतलं.

"हाच तो खडा," त्या म्हणाल्या. "लहान होता म्हणून विरघळला. त्यांना स्वतःला कळलं नाही, असं होतं कधी कधी. कानाला आपलं बोलणं बरोबरच वाटतं. पण पुढचा लहानच असेल असं मी सांगू शकत नाही."

गोळ्या देव्हाऱ्यातून परत आल्या, आणि पौषात ऑपरेशनची तारीख मिळाली. वाडीत जो तो मत देत होता. बायजाला मात्र भलतीच काळजी लागली होती. दिपिकाचं लग्न धड लागलं की नाही? खाऱ्या पाण्याला आवतणच गेलं नव्हतं. तिने काशीबाईला वरशाला पिटाळलं. काशीबाई परत येऊन म्हणाली, पोरीला दिवस गेलेत, ती सासूशी भांडते, नवरा दोघींच्या मध्ये उभा राहतो, सगळं रीतीप्रमाणे चाललंय.

मुंबईला निघायच्या आदल्या दुपारी बायजाने सरूला बोलावून घेतलं.

"मी परत मांडवात बसले तं तू माज्या मागं बसशील."

"व्हय, काकी."

"मी चुकले तं झेलू नको."

सरूला कळेना. झीलकरणीने ओळ उचलायची नाही, असं तिने कधी ऐकलं नव्हतं.

"गप ऱ्हायचा. तू गप ऱ्हायलीस की मना कलंल. आता तुना सगला येतंय. धोंडुबायचा सोड, मी सांगतंय. आदी बघायचा, मंग झेलायचा."

ऑपरेशनचा दिवस जनूने हॉस्पिटलच्या जिन्यात काढला. छाती उघडली होती, हृदय काही वेळ थांबवलं होतं आणि त्याचं काम एका यंत्राकडे दिलं होतं, एवढं त्याला माहीत होतं, आणि तेवढंही माहीत नसतं तर बरं असं त्याला वाटत होतं. संध्याकाळी सर्जन बाहेर आला. झडप चांगली मोकळी झाली होती. पिशवीत गाठ होती, बोराएवढी. ती सगळीच्या सगळी काढली, असं त्याला वाटत होतं, आणि पिशवीचं तोंड आतून शिवून टाकलं होतं. ठोका मात्र बेतालच राहील, आणि गोळी अजून चालू ठेवायची. धोका संपला असं म्हणता येणार नाही, पुष्कळ कमी झाला. "आता बोलू द्या त्यांना," तो म्हणाला.

पण घशात नळी होती. ती दुसऱ्या दिवशी निघाली. एका तरुण डॉक्टरने बायजाला बोटं धरायला लावली, पाय उचलायला लावले. मग विचारलं, "तुमचं नाव काय?"

"बायजा." आवाज घोगरा होता.

"नवऱ्याचं नाव?"

बायजा गप्प.

"नवऱ्याचं नाव सांगा. आठवतंय का?"

बायजाने तोंड फिरवलं. डॉक्टरचा चेहरा बदलला. त्याने नर्सला बोलावलं, नर्सने मोठ्या डॉक्टरांना, आणि बाहेर जनूला निरोप गेला की बाईंच्या बोलण्यात काहीतरी दोष दिसतोय, नाव सांगता येत नाही. "कोनाचा नाव?" त्याने विचारलं. तुमचं, असं कळल्यावर तो भिंतीला टेकला आणि हसायलाच लागला. "आवो, ती कवाच घेत नाय. लग्नात उखान्यात घेतला तेवडाच." मग हसता हसता त्याला रडू आलं, आणि नर्सने त्याला पाणी दिलं.

बायजा घरी आली. धाप गेली. विहिरीवरून पाणी आणण्याची परवानगी नव्हती, म्हणून ती ओटीवर बसून पाणी आणणाऱ्यांना सूचना देऊ लागली. कालवांना जायचं नाही यावरून जनूशी तिचं रोज वाजायचं, आणि त्यात तिला पुढचा शब्द कधी शोधावा लागला नाही. वाडी म्हणाली, बायजा होती तशी आली.

बायजाचा त्यावर विश्वास नव्हता. वरशालाही ती हळद सांडल्यावर धडच बोलली होती. भांडण वेगळं, धवला वेगळा. आणि आपल्या तोंडातून काय निघतं ते आपल्याच कानाला कळत नाही, हे एकदा ठाऊक झाल्यावर ती मनात म्हणून काय बघणार? मनात तर ते कडवं तेव्हाही बरोबरच होतं. होळी गेली, पाडवा गेला. मांडव नसताना गाऊन बघायचं तिच्या मनातही आलं नाही. ती नुसती वाट बघत राहिली, आणि त्या दिवसांत ती जरा कमी बोलायची, एवढं जनूच्या लक्षात आलं.

वैशाखात जिते गावात एका घरी हळद निघाली. ती माणसं बायजाला बोलवायला आली तेव्हा जनू म्हणाला, यंदा राहू दे. बायजा लुगडं बदलायला आत गेली होती.

जित्याचा मांडव मोठा होता. सकाळची वेळ, नवरी पाटावर, पुढे हळदीची वाटी. बायजाने वाटी उजव्या हातात घेतली. छातीवरचा व्रण पदराखाली अजून ओढत होता. मागे काशीबाई, तिच्याशेजारी सरू. भूमीचं कडवं तिने टाकलं, मागून ते उचललं गेलं. अग्नीचं टाकलं, तेही उचललं गेलं. दम पुरत होता. मग तिने खारीच्या पाण्याला बोलावलं. दोन्ही ओळी गायल्या, शेवटचा सूर धरला आणि सोडला.

मागे कोणी उचललं नाही.

बायजा वाटीकडे बघत राहिली. वाटी हातात होती, हळद हलत नव्हती. पण वाटीचं काय, वरशालाही ती शब्द सांडल्यावरच निसटली असेल. मांडवातल्या बायका वाट बघत होत्या. कोणीतरी लहान पोर रडत होतं, त्याला गप्प केलं. वळून सरूकडे बघावं असं बायजाच्या मनात आलं, पण मान वळेना. गेलं, ती मनात म्हणाली. छाती फाडली, तरी गेलं.

आणि मग सरूचा पातळ आवाज उठला.

खारीच्या रं पान्या, मांडवी येशील का
हलदीच्या वाटीला वलावा देशील का

काशीबाईचा जाड आवाज एका शब्दाने उशिरा त्यात मिसळला. बायजाने एकेक शब्द ऐकला. सगळे आपापल्या जागेवर होते.

"येवडा येल?" ती न वळता पुटपुटली.

"तूच बोललीस," मागून सरू म्हणाली. "आदी बघायचा. मना बघायला येल लागला."

बायजाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तिने ते पुसलं नाही. हळदीला रडणं असतंच, तेव्हा जित्याच्या बायकांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. नवरीने मात्र घाबरून तिच्याकडे पाहिलं. बायजाने वाटीत बोट बुडवलं, तिच्या कपाळाला हळद लावली आणि पुढचं कडवं घेतलं.